पहिला रवा

वणा नदीत सोनं आहे असं हिंगणघाटात कुणाला सांगितलं, तर तो आधी तुमच्याकडे बघतो आणि मग हसतो. हसू द्या. शहरापासून दोन कोस खाली, नदीच्या वळणावर सहा घरांची एक टोली आहे. कागदावर तिचं नाव काय असेल ते असो, लोक तिला सोनझरी टोली म्हणतात. कारण इथल्या माणसांनी सात पिढ्या नदीची रेती धुवून सोनं काढलं, आणि त्यांतली एकही पिढी श्रीमंत झाली नाही. हे दुसरं शकुबाईला लग्न होऊन आल्यावर आठ दिवसांतच कळलं होतं.

तरी तिला तक्रार करायला तोंड नव्हतं, कारण तिच्या नाकात फुली होती. चार पाकळ्यांची, नदीच्या सोन्याची, नवऱ्याने स्वतः दगडावर ठोकून केलेली. टोलीतल्या बाकीच्या बायकांच्या नाकात बाजारातले खडे. गेली पंचेचाळीस वर्षं शकुबाई कुणाशीही बोलताना मान जराशी उजवीकडे वळवायची, म्हणजे डाव्या नाकपुडीवरची फुली समोरच्याला नीट दिसावी. तिचा मुलगा राकेश म्हणायचा, आईच्या मानेत लचक आहे. लचक कसली, मिजास होती.

आता टोलीत रेती धुणारा एकटा तिचा नवरा, पुनाजी, उरला होता. बाकी कुणी जिनिंगमध्ये लागलं, कुणी गवंड्याच्या हाताखाली गेलं. राकेश ट्रॅक्टर चालवायचा. पुनाजीच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला होता, गुडघे वाजत होते, पण दिवाळी झाली आणि पाणी निवळलं की तो सागाची जुनी काथवट खांद्यावर टाकून नदीत उतरायचाच. पीठ मळायच्या काथवटीसारखीच ही, फक्त जास्त पसरट आणि बुडाशी घासून घासून काळीभोर झालेली. सात वर्षांत या काथवटीत सोन्याचा एक रवाही आला नव्हता. रेतीवाल्यांच्या मशिनींनी नदीचं पात्र इतकं खणलं होतं की वळणावरचा दगडगोटाही जुन्या जागी राहिला नव्हता, मग सोनं कुठून राहणार. पण पुनाजीला कोण सांगणार? त्याला सांगणं आणि म्हशीपुढे पोथी वाचणं सारखंच.

आणि अशा माणसाला त्याच्या नातीने भर साक्षगंधात मणी मागितला.

नात म्हणजे स्वीटी, राकेशची थोरली. सेवाग्रामच्या दवाखान्यात नर्स होती. मुलगा तिने स्वतःच पसंत केला होता, योगेंद्र, शाळेत मास्तर. साक्षगंधाला त्याच्याकडची चाळीस माणसं आलेली. त्यांच्यातल्या एका आत्याबाईने सहज विचारलं, पोरी, आजोबांकडून काय घेणार? स्वीटीने पापणीही न लववता सांगितलं की डोरल्यात मधोमध एक मणी लागतो, तो आजोबांच्या हातच्या नदीच्या सोन्याचा हवा, दुकानातला नको. पुनाजी उठून उभा राहिला आणि म्हणाला, "देतो." जसा काही मणी घरात डब्यात घालून ठेवला होता. शकुबाईने त्याचं धोतर मागून ओढलं, पण शब्द तोंडातून गेला होता.

मणी करायचा म्हणजे मूठभर सोनं लागतं असं नाही. टोलीची रीत अशी की मणी दुकानच्या सोन्याचा चालतो, फक्त त्यात घरच्या माणसाने धुतलेला एक रवा वितळवायचा. दुधात विरजण घातलं की सगळं दूध दही होतं, तसा एका रव्याने सगळा मणी नदीचा होतो. दुकानचं सोनं स्वीटीने आपल्या पगारातून घेऊन बाबाराव सोनाराकडे ठेवलं होतं. बाबाराव म्हातारा, भला माणूस. तो म्हणाला, शनिवारपर्यंत रवा आणा, रविवारी मणी घेऊन जा, बुधवारी लग्न आहे.

एक रवा. पण खरी अडचण पुढेच होती. टोलीची दुसरी रीत अशी की हंगामात सापडलेला पहिला रवा घरी न्यायचा नाही. पळसाच्या पानावर ठेवून, वर चिमूटभर हळद टाकून, तो नदीला परत करायचा. पहिला नदीचा, दुसऱ्यापासून पुढचे आपले. म्हणजे सात वर्षांत जिथे एक सापडला नाही, तिथे पंधरा दिवसांत दोन सापडायला हवे होते.

साक्षगंधाच्याच संध्याकाळी शकुबाईने साधा उपाय सांगितला. माझी फुली नदीच्याच सोन्याची आहे, तुमच्याच हातची आहे, तिचीच एक पाकळी द्या बाबारावला. यात न कळण्यासारखं काय होतं? पण पुनाजी असा तडकला की तिची तव्यावरची भाकर उलटायची राहिली.

"फुलीले हात लावाचा नाई," तो म्हणाला. "पुन्हा बोलजो नोको."

शकुबाईला वाटलं, नवरा जिवंत असताना बायकोने फुली काढणं त्याला अशुभ वाटत असेल. पुरुषांना अशुभाची भीती बायकांपेक्षा जास्त असते, दाखवत नाहीत एवढंच. तिने करपलेली भाकर उलटली.

मग दोघंही नदीवर जाऊ लागले. पूर्वी शकुबाई कधीमधी जायची, आता रोज जायला लागली, कारण पुनाजीला काथवटीच्या तळाचं धड दिसत नव्हतं. तो वळणावरच्या मोठ्या खडकामागे, जिथे पाण्याचा जोर मोडतो, तिथली तळची रेती काढायचा. काथवट भरायचा, पाण्यात बसवायचा, ढेकळं हाताने फोडायचा, गोटे निवडून फेकायचा आणि मग दोन्ही हातांनी काथवट हलवत बसायचा. प्रत्येक हेलकाव्याला हलकी रेती पाण्याबरोबर काठावरून निघून जायची. शेवटी तळाशी मूठभर काळी रेती उरायची. तिच्यावर ओंजळभर पाणी घेऊन काथवट हळूच तिरपी करायची. काळी रेती पुढे सरकते, आणि सोनं असलंच तर ते मागे राहतं. पुनाजी म्हणायचा, सोनं आळशी असतं, सगळे उठून गेले तरी ते बसूनच राहतं. एवढं सांगताना त्याच्या चेहऱ्यावर जे येई, ते पाहायला शकुबाईला आजही आवडायचं. पंचेचाळीस वर्षांत हा माणूस तिच्याशी इतक्या मायेने कधी बोलला नव्हता, जेवढा काथवटीशी बोलायचा, आणि याचं तिला वाईट वाटण्याऐवजी कौतुकच वाटायचं. काय करता, माणूसच असा पदरी पडला होता.

तेरा दिवस गेले. काळी रेती सरकायची आणि मागे फक्त ओलं लाकूड दिसायचं. पुनाजी विचारायचा, दिसते काई? शकुबाई म्हणायची, नाई. शेवटी शेवटी त्याने विचारणं सोडलं. गिरडच्या दर्ग्यातल्या बाबांना चादर बोलून झाली, तरी काही नाही. घरी जेवताना तो दोनच घास खायचा. आपण पोरीला चाळीस माणसांत खोटं बोललो, हे एकदाच त्याच्या तोंडून निघालं, तेही भिंतीकडे बघून.

तेराव्या दिवशी दुपारी शकुबाईने मनाशी हिशेब मांडला. शनिवारला दोन दिवस उरलेत. एखादा रवा सापडला तरी तो नदीचा. दोन सापडणं शक्य नाही. पण पहिला जर कुणी आधीच सापडवून दिला, तर मग जो सापडेल तो दुसरा, म्हणजे स्वीटीचा.

स्वीटीच्या मण्यात फुलीचं सोनं घालायला तिची छाती झाली नाही. नवऱ्याने ज्याला नाही म्हटलं ते पोरीच्या गळ्यात कसं घालायचं? पण नदीला द्यायला काय हरकत होती, नदीचंच तर होतं. तिने फुली काढली, स्वीटीचा नेलकटर घेतला आणि एक पाकळी कापली. कापताना स्वतःच्याच नाकाला चिमटा बसल्यासारखं तिचे डोळे भरून आले. मग तीन पाकळ्यांची फुली पुन्हा नाकात घातली आणि पदर ओढून घेतला. आयुष्यात पहिल्यांदाच ती मान डावीकडे वळवून बोलायला लागली, आणि राकेशने विचारलं की आई, आता लचक इकडून तिकडे गेली का?

शुक्रवारी सकाळी नदीवर तिने पाकळीचा तुकडा नखात धरून आणला. पुनाजी काथवट भरायला वाकला तेव्हा तिने तो काथवटीतल्या रेतीत सोडला आणि बोटाने दाबला. मग बाजूला बसून नदीकडे बघत राहिली, जशी काही तिची आणि नदीची ओळखच नाही.

काळी रेती सरकली. मागे पिवळं काहीतरी बसून राहिलं.

"दिसते," शकुबाई म्हणाली. आवाज खराच कापला, त्यासाठी तिला काही करावं लागलं नाही.

पुनाजीने काथवट मांडीवर घेतली. ओल्या बोटाच्या टोकावर तो रवा उचलला, डाव्या डोळ्याजवळ नेला, मग अंगठ्याच्या नखाने हळूच चाचपला. बराच वेळ चाचपत राहिला. शकुबाईला वाटलं, सात वर्षांनी सापडला, म्हातारा गहिवरला आहे. शेवटी तो उठला, काठच्या पळसाचं पान तोडलं, कमरेच्या पुडीतली हळद टाकली आणि गुडघाभर पाण्यात जाऊन पान सोडलं. "घे माय, तुयं तुले," असं काहीतरी पुटपुटला. पान वळणापर्यंत गेलं आणि भोवऱ्यात बुडालं. तो तिथेच उभा राहिला, इतका वेळ की शकुबाईने दोनदा हाक मारली. त्या दिवशी त्याने आणखी सात काथवटी धुतल्या. काही आलं नाही. पण रात्री चार भाकरी खाल्ल्या. शकुबाईने देवापुढे हात जोडले आणि मनातल्या मनात नवऱ्याची माफीही मागितली.

शनिवारी सकाळी तिसऱ्याच काथवटीत खरा रवा आला.

शकुबाईने काही टाकलं नव्हतं, म्हणून आधी तिचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना. खसखशीच्या दाण्यापेक्षा जरासा मोठा, चपटा, गुळगुळीत. काळी रेती पार काठापर्यंत गेली तरी हा आपला जागेवर. सोनं आळशी असतं. तिने टाळी वाजवली, नवऱ्याच्या पाठीवर थाप मारली, म्हणाली, झालं, सापडला स्वीटीचा, चला आताच्या आता बाबारावकडे, साडेदहाची बस मिळते.

पुनाजीने रवा बोटावर घेतला आणि दुसऱ्या हाताने पळसाची फांदी खाली ओढली.

"हे काय करून राह्यले?" शकुबाईने विचारलं.

"पहिला हाय. नदीचा."

"पहिला काल दिला ना तुमी. हा दुसरा हाय."

पुनाजी काठावरच्या दगडावर बसला. तिलाही बस म्हणाला. मग त्याने आपला उजवा हात तिच्यासमोर धरला, त्यावरचा तो चपटा रवा तिला दाखवला आणि विचारलं, याले कुठं कोपरा दिसते का? नव्हताच. नदी प्रत्येक रव्याला वर्षानुवर्षं घासते, त्याला कोपरा ठेवत नाही. सोनझऱ्याच्या घरचं शेंबडं पोरही हे जाणतं. आणि कालच्या तुकड्याला नेलकटरचे दोन धारदार कोपरे होते.

शकुबाईने पदर तोंडावर घेतला. पंचेचाळीस वर्षं सोनझऱ्याच्या चुलीवर भाकरी भाजल्या आणि एवढी साधी गोष्ट विसरली. ती म्हणाली की मारा मला, शिव्या द्या, तुम्ही नाही म्हटलं तरी मी फुलीला हात लावला. पण पुनाजी रागावलेला दिसत नव्हता. तो काथवटीच्या काठावरून अंगठा फिरवत होता, बोलायला शब्द सापडत नसले की तो नेहमीच तसं करायचा.

मग त्याने सांगितलं. मध्ये मध्ये थांबत, नदीकडे बघत.

लग्न ठरलं त्या सालची गोष्ट. हंगामाचा पहिलाच रवा त्याच्या काथवटीत आला, तो ज्वारीच्या दाण्याएवढा. एवढा मोठा त्याच्या बापानेही कधी पाहिला नव्हता. बाप त्या दिवशी बहिणीच्या गावी गेलेला. काठावर कुणी नव्हतं. पुनाजीने पान तोडलं, हळद टाकली, आणि मग रवा उचलून जिभेखाली धरला. तोंड मिटून घरी आला, वाटेत कुणाशी बोलला नाही. संध्याकाळी बापाने विचारलं तेव्हा सांगितलं, दिला नदीले. त्या दाण्याची त्याने फुली ठोकली.

"नदी तवा काई बोलली नाई," पुनाजी म्हणाला. "पण सात वर्षांपासून रिकामी काथवट वर आली का मले वाटे, आठवलं तिले. म्हणून तुले म्हटलं, फुलीले हात नोको लावू. चोरीचं सोनं पोरीच्या गळ्यात कसं घालू?"

मग तिच्यातली खरी शकुबाई जागी झाली.

"म्हंजे पंचेचाळीस वर्षं मी चोरीचा माल नाकात घालून मिरवून राह्यली?"

"हो."

"अन् साऱ्या टोलीले दाखवून राह्यली?"

"हो," पुनाजी म्हणाला, आणि त्या माणसाच्या मिशीत चक्क हसू होतं. "पण आता चोरीचा नाई. मले जे जमलं नाई, ते काल तुया हातानं झालं. तिचा वाटा तिले भेटला. तुकडा नखाखाली आला अन् मले समजलं, हा माया दाना हाय."

म्हणून काल दिला तो त्या सालचा पहिला. आज सापडला तो या सालचा पहिला. हिशेब सरळ होता, आणि शकुबाईला तो मुळीच आवडला नाही. साडेदहाची बस, बुधवारचं लग्न, चाळीस माणसांत दिलेला शब्द, सगळं त्या खसखशीएवढ्या रव्यावर बसलं होतं. पुनाजीने पान तिच्या ओंजळीत ठेवलं, त्यावर रवा ठेवला, हळद टाकली. म्हणाला, तूच दे. शकुबाईने पान धरलं. मूठ मिटली असती तर त्याने काही म्हटलं नसतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि म्हणूनच तिला मूठ मिटता आली नाही. ती पाण्यात उतरली, वाकली आणि पान सोडून दिलं. पान गेलं. तिला रडू आलं आणि ते तिने लपवलंही नाही.

"मंग आता स्वीटीले काय देता?" वर येऊन तिने विचारलं.

पुनाजी तिच्या नाकाकडे बघत होता. तिने हळूच मान उजवीकडे वळवली, सवयीने. तीन पाकळ्या उन्हात चमकल्या. आणि मग तिला कळलं. नदीचं सोनं, पुनाजीच्या हातचं, आता कुणाचं काही न लागणारं. आणि विरजणाला लागतंच किती.

तिने एवढंच विचारलं की तेव्हा चोरी केली ती कशासाठी. लग्न तर ठरलं होतं, फुली नसती तरी ती आली असती.

पुनाजीने काथवट उलटी करून पाणी झटकलं. "गिरडच्या जत्रेत पाह्यलं होतं तुले," तो म्हणाला. "नाक टोचलेलं होतं अन् त्यात कडुलिंबाची काडी होती. मले ते पाहवलं नाई."

बाबारावने दुपारी फुली तपासली, कापलेला काठ पाहून भुवई वर केली. एक पाकळी मण्याला घेतो म्हणाला, आणि उरलेल्या दोन पाकळ्यांना दुकानच्या सोन्याच्या दोन जोडून फुली पुन्हा चार पाकळ्यांची करून देतो. शकुबाई म्हणाली, नाई, दोनच ठेवा. कडा तेवढ्या गोल करा, कोपरा ठेवू नका. उद्या मण्याबरोबरच घेऊन जा, असं बाबारावने सांगितलं.

दुकानातून बाहेर पडल्यावर तिला नाक उघडंबोडकं वाटायला लागलं. भोक एका दिवसात बुजत नाही, पण वाटतं बायकांना. रस्त्याच्या कडेला कडुलिंब होता. पुनाजी थांबला, एक बारीक काडी मोडली, साल काढली, धोतराला पुसली आणि तिच्या हातात दिली. शकुबाईने भर रस्त्यात, लोक जात येत असताना, ती नाकात घातली.

"पाहून काय राह्यले," ती म्हणाली. "चाला, बस जाईल."

पंचेचाळीस वर्षांपूर्वी त्याला ती काडी पाहवली नव्हती. आज तो बसस्टँड येईपर्यंत आपल्या चांगल्या डोळ्याने तिच्याकडेच बघत चालला, आणि दोनदा ठेचकाळला.